ग्रॅमबाईचा जळफळाट

रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ग्रॅमबाईचा नवरा फोन घेऊन गॅलरीत जायचा, पाठीमागे दार ओढून घ्यायचा आणि हसायचा. बोलायचाही, पण बोलणं नीट ऐकू येत नसे. हसणं तेवढं काचेतून आत यायचं. ती ओट्यापाशी अंडी उकडत उभी असायची आणि अंड्यांच्या आधी तीच उकळायला लागायची. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसानं तिला टाळून कधी फोन केला नव्हता. आणि गेल्या तीन महिन्यांत तिच्यासमोर तो एकदाही हसला नव्हता. हसणं विसरलेल्या माणसाबद्दल कुणाची तक्रार नसते. पण हा विसरला नव्हता. गॅलरीत त्याला चांगलं आठवत होतं.

ग्रॅमबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. टपाल कचेरीतल्या लोकांनी ते तिला चिकटवलं होतं. एकतीस वर्षं ती पार्सलच्या खिडकीवर बसत होती. काट्यावर ठेवण्याआधी पार्सल हातात घ्यायचं आणि वजन सांगून टाकायचं, ही तिची खोड. चुकलीच तर पाच ग्रॅमनं चुकायची. तिच्या हातावर कचेरीत चहाच्या पैजा लागायच्या आणि तिच्या विरुद्ध पैज लावणारा नेहमी कुणीतरी नवीन माणूस असायचा.

नवऱ्याचं चित्रांना चौकटी बसवून द्यायचं दुकान होतं, घरापासून चार इमारती पुढे. काच कापणं, लाकडाच्या पट्ट्या कोनात जुळवणं, मागे पुठ्ठा ठोकणं. दारभर उंचीची काच तो एकटा उचलून टेबलावर ठेवायचा. मग नेहमीच्या रक्ततपासणीत पीएसएचा आकडा वाढलेला दिसला, पुढच्या तपासण्या झाल्या आणि प्रोस्टेटमध्ये कर्करोग निघाला. तो ग्रंथीच्या बाहेर गेलेला नव्हता. डॉक्टरांनी सगळी ग्रंथीच काढून टाकली. दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं तेव्हा आकडा जवळजवळ शून्यावर आला होता. सगळ्यांनी अभिनंदन केलं. गाठ गेली, माणूस राहिला, आणखी काय पाहिजे?

तिलाही सुरुवातीला आणखी काही नको होतं. शस्त्रक्रिया चालू असताना दवाखान्याच्या जिन्यात बसून तिनं मनाशी कबूल केलं होतं की हा माणूस जिवंत बाहेर आला तर मी आयुष्यात कशाचीही कुरकुर करणार नाही. आता ती पहाटे उठल्यापासून कुरकुरत होती आणि त्याची तिला लाजही वाटत होती. म्हणजे जळायचं ते जळायचं, वर खजीलही व्हायचं.

पहिले आठ-दहा दिवस लघवीची नळी होती, मांडीला बांधलेली पिशवी होती. ती पिशवी तीच रिकामी करायची. त्या दिवसांत दोघं एकमेकांच्या जितकी जवळ होती तितकी लग्नाच्या पहिल्या वर्षातही नसतील. मग नळी निघाली, आणि कपडे भिजायला लागले. खोकला की थेंब, उठला की थेंब, काही उचललं की थेंबांवर निभायचं नाही. डॉक्टर म्हणाले होते की हे होतंच, बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं, काहींना वर्ष लागतं. खालचे स्नायू आवळायचे व्यायाम रोज करा. तो करायचाही. खुर्चीतून उठण्याआधी क्षणभर थांबायचा, आतल्या आत आवळायचा आणि मग, भाषणाला उभं राहावं तसा सावकाश उठायचा.

पण नळी निघाली त्याच संध्याकाळी त्यानं न्हाणीघराच्या दाराला नवी कडी बसवली. त्या दाराला बत्तीस वर्षांत कडी नव्हती, कुणाला लागलीच नव्हती. आणि त्याच रात्री तो आपली उशी आणि एक प्लास्टिकची चादर घेऊन बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर गेला. गादी खराब होईल, म्हणाला. चार दिवसांसाठी असेल, असं तिला वाटलं. आता तीन महिने होत आले होते. मोठ्या पलंगाच्या अर्ध्या भागावर झोपायची तिला सवय लागत चालली होती आणि त्या सवयीचीच तिला भीती वाटत होती. हा माणूस मेला नाही, बरा झाला, आणि तरी आपल्याला परत मिळायचा नाही, हे तिच्या मनात यायला लागलं होतं.

म्हणून तो गॅलरीतला फोन तिला इतका झोंबायचा.

सुरुवातीला तिला बाईचाच संशय आला. आता त्या अवस्थेतल्या नवऱ्याला बाई कुठून सुचणार, हा विचार कुणालाही आधी आला असता; पण मत्सराला असले विचार सुचत नाहीत. तो अंघोळीला गेला असताना तिनं फोन उघडून पाहिला. नाव होतं, ‘चार नंबर’. दवाखान्यातली चार नंबरची खाट. हा तीन नंबरच्या खाटेवर होता आणि चारवर एक प्लंबर होता, जाड मिशीचा, हसरा. त्याच दिवशी, त्याच डॉक्टरांनी, तीच शस्त्रक्रिया केलेली. गुंगी उतरताच तो म्हणाला होता की आयुष्यभर लोकांच्या घरात नळ्या बसवल्या, आज कुणीतरी माझ्यातच बसवली. अख्खी खोली हसली होती. तीही हसली होती, याचा तिला आता मनापासून पश्चात्ताप झाला.

सवत असती तर बरं, असं तिला वाटलं. तिच्या नावानं बोटं तरी मोडता आली असती, बहिणीला फोन करून रडता आलं असतं. प्लंबरविरुद्ध कुणाकडे गाऱ्हाणं घालायचं? त्याचं चुकलं काय? आजारी माणसाला रोज सकाळी फोन करून हसवतो, एवढंच. लोक त्याला देवमाणूस म्हणाले असते. तिच्या अंगाचा मात्र तिळपापड व्हायचा. गॅलरीच्या दाराच्या काचा पुसायला तिला नेमकी सात-दहाचीच वेळ सापडायची, आणि आठवड्यातून सहा दिवस काचा पुसल्या जाणारं ते त्या इमारतीतलं एकमेव घर असेल.

काचेला कान लावल्यावर आकडे ऐकू यायचे. “एकशे साठ.” “एकशे तीस.” हे कसले आकडे ते कळायला तिला वेळ लागला नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रुग्णांना सांगितलं होतं की विजारीत घातलेल्या दिवसभराच्या पॅडचं वजन करा, कोरड्या पॅडचं वजन वजा करा, म्हणजे किती गळतं आणि किती सुधारतं ते ग्रॅममध्ये कळेल. नवऱ्यानं त्यासाठी एक छोटा काटा आणून न्हाणीघरात लपवला होता. कडीच्या आत. वजन करायचं आणि जगातल्या सगळ्या माणसांमधून चार नंबरला सांगायचं. घरात ग्रॅमबाई असताना!

हे तिच्या जिव्हारी लागलं. म्हणजे अपमान दुहेरी झाला, बायकोचाही आणि पार्सलच्या खिडकीचाही.

आणि गंमत अशी की तिला आकडा कुणी सांगायची गरजच नव्हती. रोज सकाळी न्हाणीघराबाहेरची गाठ मारलेली पिशवी तीच खाली टाकायची. हातात घेतली की कळायचं. पिशवी वजा, चार-पाच कोरडे पॅड वजा. उरलं ते नवऱ्याचं. तिनं ठरवून कधी मोजलं नाही, पण हाताला थांबवणार कसं? सोमवारी दोनशे सत्तर. मंगळवारी दोनशे पन्नास. तिचा हात सांगायचा एक आणि काचेतून ऐकू यायचं दुसरंच. म्हातारपण आलं, हात गेला, असं तिला वाटायला लागलं. आपल्याकडून नवरा गेला आणि आता हातही गेला, हा विचार आठवडाभर तिच्या डोक्यातून जाईना. खिडकीवर तिनं आधी वजन सांगायचंच बंद केलं. लोकांनी विचारलं, तर घसा बसलाय म्हणाली.

मग एका शुक्रवारी दुपारी प्लंबर तिच्या खिडकीवर येऊन उभा राहिला.

त्याला पुतण्याकडे एक पितळी नळ पाठवायचा होता. तिला पाहताच त्याला कोण आनंद झाला. वहिनी, वहिनी म्हणत त्यानं मागच्या रांगेचा विचारही न करता सगळी खबरबात सुरू केली. तो स्वतः सहाव्या आठवड्यातच कोरडा झाला होता. प्लंबरचीच तोटी गळाली तर गिऱ्हाईक कोण येणार, म्हणाला आणि स्वतःच हसला. मग आवाज खाली आणून तिला धीर द्यायला लागला. वहिनी, घाबरू नका, म्हणाला, उजव्या बाजूच्या नसा काढाव्या लागल्या असल्या तरी डावीकडच्या शाबूत आहेत, पुरुषाचं ते सगळं परत यायला दोन वर्षंसुद्धा लागतात, गोळ्यांचा अजून उपयोग झाला नाही म्हणून त्यांनी मनाला लावून घेऊ नये. त्या दिवशी रडले माझ्यापाशी. मी म्हटलं, रडा.

ग्रॅमबाई खिडकीच्या आत बसून ऐकत होती. उजव्या बाजूच्या नसा. गोळ्या. रडला. तिला यातलं अक्षर माहीत नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या पोटात काय ठेवलं आणि काय काढलं, हे या मिशीवाल्याला पाठ होतं आणि तिच्याशी तो तिला सगळं ठाऊकच असणार असं धरून बोलत होता. तिला नाही म्हणायचीसुद्धा सोय नव्हती. नाही म्हटलं असतं तर आपणच आपली फजिती केली असती. तिनं मान डोलावली. हो, हो, म्हणाली. मग तिनं हात पुढे करून त्याचं पार्सल घेतलं.

“आणि आज तर काय, बातमीच आहे,” प्लंबर म्हणाला. “शंभराच्या आत आले. पंच्याण्णव! मी म्हटलं, पुढच्या महिन्यात तुम्ही कोरडे.”

पार्सल तिच्या हातात होतं. तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, “सहाशे चाळीस.” तिनं ते काट्यावर ठेवलं. काट्यानं दाखवलं सहाशे बेचाळीस.

तिनं एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा प्लंबरकडे. हात ठीक होता. हाताला काही झालेलं नव्हतं. त्याच हातानं सकाळी पिशवी उचलली होती आणि त्यात पंच्याण्णव कुठेच नव्हते. दोनशे चाळीस होते.

आधी तिला आनंद झाला, हे सांगायलाच हवं. चांगला, कोता, मनसोक्त आनंद. तुलाही खोटंच सांगतो की रे, असं तिनं मनातल्या मनात त्या मिशीला सुनावलं. तुझ्यापाशी रडतो ना, पण ग्रॅम काही खरे सांगत नाही. प्लंबर पावती घेऊन गेला, तेव्हा गेल्या तीन महिन्यांत ती कुणाशी बोलली नव्हती इतकं गोड त्याच्याशी बोलली. हा आनंद पुढच्या दोन पार्सलांपर्यंत टिकला. तिसरं पार्सल हातात असताना तिच्या लक्षात आलं की मग तिचा नवरा खरं कुणालाच सांगत नव्हता. कडी लावून काट्यापाशी बसायचा, आकडा बघायचा, आणि तो आकडा घेऊन दिवसभर एकटाच हिंडायचा.

शनिवार तसाच गेला. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, तो बाहेरच्या खोलीत टेबलावर पुठ्ठा ठेवून पट्टीनं रेघा आखत होता. काच उचलता येत नाही म्हणून हलकं काम घरी आणायचा. ती समोरच्या खुर्चीवर बसली.

“शुक्रवारी दोनशे चाळीस होतं,” ती म्हणाली. “आज दोनशे तीस आहे.”

पट्टी थांबली.

“तू माझा कचरा उघडून बघतेस?”

“उघडत नाही. उचलते.”

मग तो चिडला. तीन महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. माणसाला स्वतःच्या घरात एक खोलीभर आडोसा मिळू नये का, म्हणाला. तुझा हात म्हणजे हात आहे की पोलीस, म्हणाला. तावातावानं उठला, उठण्याआधी थांबायचं राहून गेलं, आणि व्हायचं ते झालं. त्यानं खाली पाहिलं नाही. तिनंही पाहिलं नाही. तो न्हाणीघरात गेला, कडी लागल्याचा आवाज झाला, आणि बऱ्याच वेळानं दुसरी विजार घालून परत आला. राग उतरला होता. खुर्चीत बसून तो पुठ्ठ्याकडे पाहत सांगायला लागला.

प्लंबर रोज सकाळी विचारायचा. पहिल्या पंधरवड्यात दोघांचे आकडे बरोबरीनं उतरत होते, शर्यत लावल्यासारखे, आणि त्यात मजा होती. मग प्लंबरचे झरझर उतरले आणि याचे तिथेच अडले. एकाच दिवशी, एकाच टेबलावर, एकाच माणसाच्या हातून; आणि तो कोरडा, मी ओला. एका सकाळी त्यानं वीस ग्रॅम कमी सांगितले. दुसऱ्या दिवशी वाढवून कसे सांगणार? मग उतरतच जावं लागलं. आता शंभराच्या आत आलो आहे, आणखी महिन्यानं शून्य सांगावं लागेल, म्हणाला, आणि त्या दिवशी मी काय करीन मला माहीत नाही.

“इतका जळतो मी त्याच्यावर,” तो म्हणाला. “तो हसवतो, मी हसतो. आणि फोन ठेवला की वाटतं, याचं का नाही गळत?”

जळणं म्हणजे काय ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण घरात आणखी कुणी त्याच आगीत आहे हे तिला आत्ता कळत होतं.

“मला का नाही सांगितलंत?” तिनं विचारलं.

“तू बायको आहेस.”

“तेच विचारतेय.”

“त्याच्या नजरेतून मी उतरलो काय आणि राहिलो काय,” तो म्हणाला. “तुझ्या...” आणि त्यानं पुन्हा पट्टी हातात घेतली.

तिनंच पुढचं बोलून टाकलं. उजव्या बाजूच्या नसांचं, गोळ्यांचं, रडल्याचं, सगळं. हे मला खिडकीवर बसून, मागे रांग उभी असताना, एका परक्या माणसाकडून कळावं का, म्हणाली. त्याचा चेहरा उतरला. प्लंबरनं सांगितलं याचा त्याला राग आला नाही. तिला कळलं याचीच त्याला धास्ती बसलेली दिसली. मग तो म्हणाला की दिवाणावर झोपतो ते गादीसाठी नाही. गादीला चादर घालता येते. “तू झोपेत अंगावर हात टाकतेस,” तो म्हणाला. “टाकलास तर मी काय करू? माझ्याकडून काही होणार नाही. आणि तू समजून घेशील. ते तर मला अजिबात बघवायचं नाही.”

“हात टाकला असता तर नुसता हातच टाकला असता,” ती म्हणाली. “पुढचं सगळं तुमचं तुम्हीच ठरवून मोकळे झालात.”

ती उठली. दिवाणावरची उशी उचलली, खालची प्लास्टिकची चादर ओढून काढली आणि दोन्ही आतल्या खोलीत नेऊन पलंगाच्या त्याच्या बाजूला अंथरली. तो दारात येऊन उभा राहिला. गादी जाईल, एवढंच म्हणाला. जाऊ दे, ती म्हणाली, आणि स्वतः आडवी झाली.

दुपारचे तीन वाजले होते. पडदे उघडे होते, खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. थोड्या वेळानं पलंग त्याच्या बाजूनं दबला. दोघं छताकडे पाहत पडली. छताकडे पाहून बोलणं तिला जरा सोपं गेलं.

“उद्यापासून आकडा आधी मला सांगायचा,” ती म्हणाली. “खरा. मग त्याला काय सांगायचं ते सांगा.”

“तुला तर सांगायच्या आधीच कळतो.”

“तरी सांगायचा.”

तो हं म्हणाला. गाडी धुणाऱ्यानं पाणी बंद केलं. तिला वाटलं आता गप्प बसावं, पण तीन महिने गप्प बसून झालं होतं.

“मी त्या माणसावर जळते,” ती म्हणाली. “रोज सकाळी काचेला कान लावून उभी असते. तुम्ही हसलात की फडका काचेवर आणखी जोरात फिरवते. त्याचा एखादा नळ फुटावा असं वाटतं मला, भर बाजारात.”

तो तिच्याकडे वळला.

“माझ्यावरून?”

“मग काय शेजाऱ्यांवरून?”

“माझ्यावरून जळतेस तू?”

त्याचा विश्वासच बसेना. चौसष्ट वर्षांचा मी, तो म्हणाला, विजारीत पॅड, अर्ध्या नसा गेलेल्या, काच उचलता येत नाही, आणि माझ्यावरून कुणीतरी काचेला कान लावून उभं राहतं? त्यानं दवाखान्यातून निघताना मनोमन धरून टाकलं होतं की आपण आता ज्याची काळजी घ्यायची असा माणूस झालो. औषधाची वेळ विचारायचा माणूस. ज्याच्यावरून कुणाचा जळफळाट व्हावा, तसा माणूस त्या टेबलावरच राहिला. आणि इथे ही, लाल होऊन, प्लंबरचा नळ फोडायला निघालेली.

तो हसायला लागला. गॅलरीत हसायचा तसं नाही, त्यापेक्षा मोठ्यानं, पोटातून, पलंग हलेपर्यंत. तिलाही हसू आलं आणि रागही आला. मग हसता हसता तो एकदम ताठला. तिला कळलं काय झालं ते. तो कोपरावर उठला, त्यानं पाय खाली सोडले आणि न्हाणीघराकडे तोंड करून पलंगाच्या कडेवर बसला. तिनं त्याचा हात धरला नाही.

तो तसाच बसून होता. मग त्यानं पाय वर घेतले, ओल्या अंगानं तिच्याशेजारी पाठ टेकली आणि डोळे मिटले.

“परत सांग,” तो म्हणाला.

“काय?”

“तेच. जळतेस म्हणालीस ते.”

तिनं त्याच्या अंगावर हात टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.